पिकतें तेथें विकेल काय?

पिकतें तेथें विकत नाहीं, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ती धान्याला लागू असो वा नसो, हौशी छायाचित्रकाराला मात्र हटकून लागू पडते. कोयनानगरच्या रहिवाशाला घराच्या ओसरीवरून सह्याद्रीचे कडे दिसतात, आषाढांत त्यांवरून उतरणारे पांढरे ओहोळ दिसतात. जें डोळ्यांना फुकट मिळतें त्याचें चित्र विकत घेऊन भिंतीवर टांगावें, असें त्याला कां वाटावें? परंतु त्याच गांवांतील एखादा तरुण गळ्यांत कॅमेरा अडकवून पांच-सहा वर्षें रानावनांतून हिंडलेला असतो. त्याच्याजवळ चांगलीं म्हणावीं अशीं शें-दोनशें चित्रें सांठलेलीं असतात. आणि एके दिवशीं त्याच्या मनांत येतें कीं, हीं चित्रें विकलीं तर? या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी देतां येतें. पण तें देण्यापूर्वीं त्या तरुणाला बऱ्याच गोष्टी शिकाव्या लागतात, व एक गोष्ट विसरावी लागते.

विसरावयाची गोष्ट म्हणजे वाहवा. फोनच्या पडद्यावर चित्र पाहून 'छान' म्हणावयास कोणाला एक पैहि पडत नाहीं. स्तुति करणारा माणूस आणि खिशांत हात घालणारा माणूस हे दोन निराळे प्राणी आहेत. स्नेहीसोबत्यांच्या स्तुतीवर विसंबून जो एकदम पन्नास चित्रें मढवून घेतो, त्याच्या घरांतील माळा लौकरच भरून जातो. म्हणून आरंभ करणाऱ्यानें प्रथम आपल्याआधीं या वाटेनें कोण गेलें व तें कसें गेलें, हें पाहावें.

हौस आणि विक्री यांची सांगड आपल्याकडे नवी नाहीं. छायाचित्रणाची कला १८३९ मध्यें जगापुढें आली आणि १८५४ मध्यें मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे पेशानें वैद्य. पण कॅमेऱ्याची त्यांना अशी गोडी कीं, ते या संस्थेच्या कार्यकारी मंडळांत होते. १८५५ मध्यें एल्फिन्स्टन विद्यालयांत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यांत शिकलेले हरिचंद चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत स्वतःचा स्टुडिओ चालविला. १८५६ पासून विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनीं हौशी छायाचित्रकारांच्या नांवानें एक मासिक अल्बम काढला. जॉन्सन हे मूळचे सरकारी कारकून. त्या अल्बमच्या अंकांत तीन खरीं छायाचित्रें असत आणि त्यांच्यासोबत थोडा मजकूर असे. या व्यवस्थेंतील शहाणपण आजहि शिकण्यासारखें आहे. ढीगभर चित्रें ग्राहकापुढें ओतावयाचीं नाहींत. तीनच द्यावयाचीं, तीं कशाचीं आहेत तें सांगावयाचें, आणि ठरल्या वेळीं पुन्हा तीन द्यावयाचीं.

दुसरें उदाहरण लाला दीनदयाळ यांचें. होळकरांच्या इंदुरास ते सरकारी बांधकाम खात्यांत नकाशे व अंदाजपत्रकें करीत. १८७४ च्या सुमारास त्यांनीं कॅमेरा हातीं घेतला. मंदिरें, किल्ले व राजवाडे यांचीं त्यांचीं चित्रें नांवाजलीं गेलीं, तरी त्यांनीं नोकरी सोडण्याची घाई केली नाहीं. सुमारें दहा वर्षें पगार आणि छंद बरोबर चालले, आणि छंदाच्या पायाखालची जमीन घट्ट झाल्यावरच ते पूर्णपणें त्या धंद्यांत उतरले. पुढें निजामाच्या दरबारीं ते राजा दीनदयाळ झाले. पण आरंभ करणाऱ्यानें त्या पदवीपेक्षां आधींचीं तीं दहा वर्षें ध्यानांत ठेवावीं.

दूरदेशींचें एक उदाहरण घ्यावयाचें तर अमेरिकेंतील ॲन्सेल ॲडम्स यांचें घेतां येईल. ते पियानोवादक होण्याची तयारी करीत होते. डोंगरांचीं चित्रें काढणें हा छंद. १९२७ मध्यें त्यांनीं सिएरा पर्वताच्या अठरा चित्रांचा एक संच विक्रीस काढला. एका रसिक विमा-व्यावसायिकानें त्याचे दहा संच स्वतः घेतले आणि आपल्या मित्रांनाहि घ्यावयास लावले. पहिला गिऱ्हाईक बहुधा असाच भेटतो. त्याला चित्रहि आवडतें, आणि तें काढणाऱ्याची चिकाटीहि त्यानें पाहिलेली असते.

आतां कोयनेकडे वळूं. पाटण तालुक्यांतील हें धरण १९५६ ते १९६४ या काळांत उभें राहिलें. भोंवतालचें रान १९८५ मध्यें अभयारण्य झालें, २०१० मध्यें सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत गेलें आणि २०१२ मध्यें पश्चिम घाटाच्या जागतिक वारशांत गणलें गेलें. अशा ठिकाणीं चित्रांना विषयांची वाण नाहीं. पण येथेंच फसगत होते. नवज्याजवळचा ओझर्डे धबधबा, पलीकडे कास पठारावरचीं फुलें, सूर्यास्ताचें तांबडें पाणी, हीं चित्रें येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनमध्यें असतातच. तीं वाईट नसतात, परंतु जें स्वतःजवळ आहे तें माणूस विकत घेत नाहीं. विकलें जातें तें दोन प्रकारचें चित्र. एक, पाहुण्याला जें दिसूं शकत नाहीं तें. म्हणजे श्रावणांतील मध्यरात्र, धुक्यांतून नुकताच मोकळा झालेला कडा, बारा महिने एकाच जागेवरून टिपलेलें एकच झाड. आणि दुसरें, जें पाहून पाहणारा म्हणतो, 'ही तर माझी जागा!'

या दुसऱ्या प्रकाराचा अर्थ एका कल्पित प्रसंगानें स्पष्ट होईल. समजा, कोयनानगरच्या अशा एका तरुणानें सुटीच्या दिवसांत पर्यटकांच्या वाटेवर एक टेबल मांडलें आहे. धबधबे व फुलें यांचीं चित्रें पुढें. आणि एक चित्र, कोणी घेईल अशी आशा नसल्यामुळें, मागें टेकून ठेवलेलें. तें वैशाखांतलें आहे. शिवसागराचें पाणी ओसरलेलें आहे आणि चिखलाच्या भेगांतून जुन्या शेतांच्या बांधांच्या रेषा वर आल्या आहेत. दिवसभर माणसें येतात, वाखाणतात, जातात. सायंकाळीं एक वृद्ध गृहस्थ मुलासुनेबरोबर येतात व त्या मागच्या चित्रापाशीं थांबतात. धरणासाठीं उठलेलीं गांवें रायगड, ठाणें, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत वसविलीं गेलीं. त्यांतल्याच एका घरचे ते. ते किंमत विचारीत नाहींत, विचारतात तें एवढेंच: "बाळ, हें कोणत्या अंगानें काढलेंस? पलीकडे चिंचेचा थर होता बघ." मुलगा पैसे देतो. गृहस्थ चित्र कागदांत गुंडाळूं देत नाहींत. उघडेंच हातांत धरून नेतात.

या प्रसंगांतून दोन गोष्टी निघतात. विक्रीचें मूळ ओळखींत आहे. सौंदर्य तिच्या मागून येतें. या खोऱ्यांतील कितीतरी घरांचें एक पाऊल पिढ्यान्‌पिढ्या मुंबईंत आहे, धरणानें उठलेलीं घरें तर दूरच वसलीं आहेत. म्हणजे पिकतें तेथें विकलें नाहीं, तरी जें येथून गेलें त्याला येथलें चित्र हवें असतें. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. असें चित्र विकतांना दुसऱ्याच्या दुःखावर हात पडतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपानें घरें पाडलीं, माणसें गाडलीं. ती आठवण अजून जिवंत असलेलीं घरें येथें आहेत. पडक्या भिंतीचें चित्र 'सुंदर' म्हणून विकावयाचें कीं त्याखालीं स्थळ व साल प्रामाणिकपणें लिहून द्यावयाचें, हा निर्णय छायाचित्रकारानें कॅमेरा उचलण्यापूर्वींच घेतला पाहिजे.

चित्र निवडल्यावर प्रत काढण्याचा प्रश्न येतो. पडद्यावर जें झळकतें तें कागदावर तसें उतरत नाहीं. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद बाहेरचा प्रकाश परत देतो. म्हणून प्रथम लहान प्रत काढून ती खिडकीच्या उजेडांत पाहावी, व अंधाऱ्या भागांत तपशील बुडाला असल्यास दुरुस्त करावा. आकाराचें गणित सोपें आहे. जवळून पाहावयाच्या चांगल्या प्रतीला प्रत्येक इंचांत ३०० बिंदु लागतात. बारा बाय अठरा इंचांच्या प्रतीला त्या हिशेबानें ३,६०० गुणिले ५,४००, म्हणजे सुमारें १ कोटि ९४ लक्ष बिंदु हवेत. १ कोटि २० लक्ष बिंदूंच्या फोनचें चित्र त्याच दर्जानें दहा बाय सवातेरा इंचांपर्यंतच जातें. कडा कापल्या असतील तर तेंहि नाहीं. भिंतीवर उंच लावावयाच्या मोठ्या प्रतीला इंचास २०० बिंदुहि पुरतात, कारण ती दुरून पाहिली जाते. शिवाय तीनास दोन या प्रमाणांतील चित्र आठ बाय दहाच्या चौकटींत बसवावयाचें तर बारा इंचांतील दोन इंच गमवावे लागतात; तेव्हां चौकटीची विचारपूस चित्र कापण्यापूर्वीं करावी.

कोयनेच्या पावसाळी हवेंत आणखी एक शत्रु आहे, आणि तो म्हणजे ओल. तिनें भिंगावर बुरशी चढते आणि काचेला टेकलेली प्रत काचेलाच चिकटते. कॅमेरा बंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. प्रत व काच यांच्यामध्यें जाड पुठ्ठ्याची खिडकी घालून अंतर राखावें. पुठ्ठा व कागद आम्लरहित घ्यावा, रंग टिकाऊ शाईचे असावेत. गिऱ्हाईक आपल्या नातवासाठीं चित्र नेतो, आणि दोन पावसाळ्यांत तें पिवळें पडलें तर तो पुन्हा येत नाहीं, शेजाऱ्यालाहि येऊं देत नाहीं.

किंमत ठरवितांना संकोची माणूस सर्वांत जास्त चुकतो. उदाहरणादाखल हिशेब मांडावा. एका प्रतीचा कागद, छपाई, पुठ्ठा, बांधणी व वाहतूक मिळून १,००० रुपये खर्च आला, व दहांत एक प्रत वायां जाते म्हणून आणखी १०० रुपये धरले. किंमत २,००० ठेविली आणि दुकानदारानें तिसरा हिस्सा घेतला, तर हातीं येतात सुमारें १,३३३. खर्च वजा जातां उरतात २३३. त्यांत पहाटेच्या फेऱ्या, कॅमेऱ्याची झीज व महिन्यांचें शिक्षण बसवावयाचें! तीच किंमत २,७०० ठेविली तर हिस्सा ९०० जाऊन ७०० उरतात. किंमत पस्तीस टक्क्यांनीं वाढली आणि मिळकत तिप्पट झाली. म्हणून पहिल्यापासून दुकानाचा हिस्सा धरूनच किंमत ठरवावी, व स्वतः विकतांनाहि तीच घ्यावी. दुकानांत एक भाव व घरीं दुसरा, हें दुकानदाराला कळल्याखेरीज राहत नाहीं. ज्याला मोठी प्रत परवडत नाहीं त्याच्यासाठीं मोठीचा भाव पाडूं नये. लहान प्रती व पोस्टकार्डें वेगळीं काढावींत. मर्यादित प्रती काढल्या तर मागल्या बाजूस पेन्सिलीनें अंक व सही घालावी, आणि 'पंचवीसांपैकीं सातवी' असें एकदा लिहिल्यावर सव्विसावी प्रत काढूं नये.

विक्रीचीं ठिकाणें पायरीपायरीनें चढावीं. प्रथम गांवचें टेबल, मग पाटण-कराडकडील एखादें पुस्तकाचें दुकान किंवा उपाहारगृहाची भिंत. मग तीन-चार मित्रांनीं मिळून पुण्याच्या बालगंधर्व कलादालनासारख्या ठिकाणीं प्रदर्शन. मुंबईच्या जहांगीर कलादालनाचें स्वप्न, जें दालन १९५२ मध्यें उघडलें, खुशाल पाहावें. पण तेथें पोंचण्यापूर्वीं शंभर अनोळखी माणसांनीं चित्र विकत घेतलेलें असावें. प्रत्येक विक्रीची तारीख, आकार, किंमत व गिऱ्हाईकाचें गांव एका वहींत लिहावें. वर्षाअखेर ती वही चाळली म्हणजे कोणतें चित्र खरोखर चालतें हें कळतें, आणि प्राप्तिकराच्या हिशेबालाहि तीच उपयोगी पडते.

कायद्याचीहि जाण हवी. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यानें छायाचित्राचा हक्क सामान्यतः काढणाऱ्याकडे असतो. परंतु कोणी पैसे देऊन चित्र काढवून घेतलें तर, वेगळा करार नसल्यास, तो हक्क काढवून घेणाराचा होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत काढणाऱ्याचें आयुष्य व त्यापुढें साठ वर्षें अशी आहे. म्हणून प्रत विकतांना 'प्रत दिली, हक्क दिला नाहीं' हें पावतीवर लिहावें. अभयारण्यांत छायाचित्रणासाठीं वनखात्याची परवानगी घ्यावी. धरण हें पहाऱ्याखालचें ठिकाण आहे, तेथें विचारल्यावांचून कॅमेरा उघडूं नये. घरट्यापाशीं फांद्या मोडून चित्र काढूं नये. आणि ज्या म्हातारीचा चेहरा विकावयाचा, तिला आधीं विचारावें व एक प्रत तिच्या घरीं नेऊन द्यावी.

एवढें केल्यावर पैसा किती मिळेल? पहिल्या वर्षीं बहुधा कॅमेऱ्याचा खर्चहि निघणार नाहीं. पण एक फरक पडतो. आजवर तो तरुण डोंगर पाहून आपल्यासाठीं चित्र काढीत होता. आतां तें कोणाच्या तरी घरांत वर्षानुवर्षें राहणार आहे, या जाणिवेनें तो अधिक थांबतो, अधिक पाहतो, खोटें चित्र काढण्यास कचरतो. ही सवय जडली तर छंद विक्रीनें बिघडत नाहीं. पिकतें तेथें विकत नाहीं हें खरें असेल. परंतु जो आपलें पीक नीट निवडतो, पाखडतो व प्रामाणिक मापानें मोजतो, त्याच्या दारीं आज ना उद्या कोणीतरी दुरून चालत येतोच.