कुरकुरीत कांदा भजी आणि दोन रुपयांचा चेक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कांदेनवमीला झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणून या वर्षी आपल्याकडे आरोग्यावर भाषण झाले, करबचतीवर झाले. मला सचिव साहेब म्हणाले, "काका, तुम्ही बँकेवर बोला." मी म्हणालो, बँकेवर मी छत्तीस वर्षे बोललो, आता कांद्यावर बोलू द्या. आज आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे कांदेनवमी. परवा एकादशी. चातुर्मास पाळणारी मंडळी उद्यापासून कांदा, लसूण, वांगे बंद करणार ते थेट कार्तिकीपर्यंत. तेव्हा आजच्या दिवशी याहून योग्य विषय दुसरा नाही.

ही नवमी आपल्या पूर्वजांनी उगाच ठरवलेली नाही, बरं का. उन्हाळी कांदा, ज्याला आपण गावरान म्हणतो, तो एप्रिल-मे महिन्यात निघतो आणि चाळीत जातो. तो चार-पाच महिने टिकतो, पण पावसाची दमट हवा लागली की सडायला नाहीतर कोंब धरायला लागतो. म्हणजे आत्ता कांदा घरात भरपूर आहे, कोरडा आहे, आणि पुढे बिघडणार आहे. मग खाऊन घ्या पोटभर! शिवाय हा कोरडा कांदाच भज्यांना चांगला. दिवाळीच्या सुमारास येणारा नवा लाल कांदा पाणीदार असतो, त्याची भजी लवकर मऊ पडतात.

आता मुख्य तक्रार. वहिनी मंडळी म्हणतात, हॉटेलची भजी कुरकुरीत होतात, घरची गिचका होतात. नातवंडांचे म्हणणे वेगळे. त्यांना भजी नको, 'ऑनियन रिंग' पाहिजे, आणि तीही मोबाईलवरून मागवलेली. दोन्हींचे मर्म एकच आहे, आणि ते म्हणजे पाणी.

कांद्यात शंभरातले पंच्याऐंशीपेक्षा जास्त भाग पाणीच असते. तेल चांगले तापलेले असले की हे पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडते. वाफ बाहेर येत असते तोपर्यंत तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही, आणि वरचे पीठ सुकून कडक होते. तेल थंड असेल तर वाफेला जोर नसतो, पीठ तेल पिते, भजे लोळागोळा होते. तेल फार तापले तर बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस तापमान हवे. आपल्याकडे थर्मामीटर नसतो, पण पिठाचा थेंब असतो. थेंब तेलात टाकला की तळाला जाऊन लगेच वर यावा. तळाशीच बसून राहिला तर थांबा, पडल्या पडल्या काळा झाला तर गॅस कमी करा.

खेकडा भजी चौघांसाठी सांगतो. चार मध्यम कांदे, साधारण अर्धा किलो. उभे, पातळ चिरा आणि हाताने पाकळ्या मोकळ्या करा. चमचाभर मीठ लावून दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवा. मीठ कांद्यातले पाणी ओढून घेते. मग तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा, कोथिंबीर घाला. वाटीभर बेसन थोडे थोडे भुरभुरत जा, सोबत दोन चमचे तांदळाचे पीठ. तांदळाचे नसेल तर ज्वारीचे चालते, आणि ते आपल्या बीडकराच्या घरात नसेल असे होत नाही. पाण्याचा एक थेंबही घालू नका. कांद्याने सोडलेले पाणी पुरते. पीठ कांद्याला नुसते चिकटले पाहिजे, त्यात कांदा बुडता कामा नये. शेवटी चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन. सोडा चिमटीपेक्षा जास्त नको, जास्त सोडा घातलेली भजी तेल पितात. भिजवले की लगेच तळायला घ्या. ठेवले तर पुन्हा पाणी सुटते आणि मग आपण आणखी पीठ घालत बसतो.

कढईत एका वेळी थोडीच सोडा. गर्दी केली की तेल थंड होते. हे काउंटरसारखे आहे. एकदम शंभर माणसे आत घेतली तर कुणाचेच काम होत नाही.

आता नातवंडांच्या रिंगा. मोठे दोन कांदे आडवे कापा, करंगळीपेक्षा थोड्या बारीक जाडीच्या चकत्या. कडी सुटी करा आणि प्रत्येक कड्याच्या आतला पातळ पापुद्रा ओढून काढा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते केले नाही तर पीठ निसटते आणि चावताना अख्खा कांदा बाहेर येतो. कडी बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग फडक्याने अगदी कोरडी करा. आधी कोरड्या पिठात घोळवा, कारण ओल्या कांद्यावर ओले पीठ टिकत नाही. मग अर्धी वाटी मैदा, पाव वाटी तांदळाचे पीठ किंवा कॉर्नफ्लोअर, मीठ, मिरपूड आणि फ्रिजमधले थंडगार सोडा वॉटर यांच्या भज्याच्या पिठाएवढ्या दाट मिश्रणात बुडवा. हे फार फेटू नका, मैदा चिवट होतो. वरून रवा किंवा मिक्सरमधून काढलेले भाजके पोहे लावा. दोन-तीन मिनिटे तळा. काढल्यावर कागदावर ढीग करू नका, चाळणीवर सुटे ठेवा. ढिगाखाली वाफ कोंडते आणि सगळी मेहनत मऊ पडते. आणि वर्तमानपत्राचा कागद तर नकोच. शाई तेलात उतरते आणि पोटात जाते. गरम पदार्थ छापील कागदावर ठेवू नका, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही सांगितले आहे.

चिरताना डोळ्यांत पाणी येते त्याला कांद्यातला एक विशिष्ट एन्झाइम जबाबदार असतो. तो जपानच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधला. आपला उपाय सोपा आहे. कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि सुरीला धार लावा.

आता थोडे गंभीर बोलतो. आपल्या सोसायटीत बऱ्याच घरांत आज दोघेच आहेत, मुले पुण्याला, हैदराबादला. कढई गॅसवर, आणि तेवढ्यात मुलाचा फोन. म्हणून सांगतो. कढई अर्ध्याच्या वर तेलाने भरू नका. तळण चालू असताना ओट्याजवळून हलू नका. तेलाने पेट घेतलाच तर आधी गॅस बंद करा आणि कढईवर मोठे झाकण सरकवा. पाणी कधीच टाकू नका. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायची नाही. भाजले तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. लहान मुलांनाही हे आजच शिकवा.

दुसरे, उरलेले तेल. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक वाढतात. १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल काळे, दाट, फेसाळ झाले, धूर लवकर यायला लागला की त्याचे खाते बंद करा. थोडेच तेल घेऊन तळा आणि उरलेले गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा. पण ते सिंकमध्ये ओतू नका. थंड झाले की ते पाइपात थिजते आणि चेंबर तुंबतो. मग मेंटेनन्स वाढला म्हणून मीटिंगमध्ये आपणच भांडतो.

आता ज्यासाठी मी खरे तर हा विषय घेतला ते सांगतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात दहा गोण्या कांदा नेला. वजन भरले ५१२ किलो. भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हातात राहिले अडीच रुपयेसुद्धा नाहीत. त्याला चेक मिळाला दोन रुपयांचा, आणि तोही पंधरा दिवसांनंतरच्या तारखेचा. माल हलक्या प्रतीचा होता असे व्यापाऱ्याचे म्हणणे होते. असेलही. पण मी आयुष्यभर चेक पास केले. दोन रुपयांचा पुढच्या तारखेचा चेक पाचशे किलो मालाच्या बदल्यात निघू शकतो, हे वर्तमानपत्रात वाचले त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

आणि हा फक्त बार्शीचा प्रश्न नाही. आपला आष्टी तालुका कांद्याचा आहे, कड्याच्या बाजारात कांद्याचे लिलाव होतात, आपल्या भागातला कांदा अहिल्यानगर, सोलापूरलाही जातो. मी तालुक्याच्या शाखांमध्ये होतो तेव्हा पीककर्जाचे खाते नियमित राहील की थकेल हे पुष्कळदा माणसाच्या नियतीवर ठरत नसे, त्या आठवड्याच्या भावावर ठरत असे. फेब्रुवारीत रुपयाला किलो विकलेला कांदा. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. भाव चढला की आपण ओरडतो, पडला की आपल्याला पत्ताही नसतो.

सोसायटी म्हणून आपण सरकारचे धोरण बदलू शकत नाही, मान्य. पण एक गोष्ट करू शकतो. २०१६ पासून फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक आहे. पुढच्या एप्रिल-मे महिन्यात, गावरान कांदा निघाला की, इच्छुक घरांची यादी करू. घरटी वीस-पंचवीस किलो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागात आपल्यापैकी अनेकांचे सोयरे शेती करतात. त्यांच्याकडून थेट घेऊ. भाव त्या दिवशीच्या बाजाराचा, आणि त्याची जी हमाली-तोलाई वाचते ती त्यालाच देऊ. पैसे त्याच दिवशी खात्यात, पुढच्या तारखेचा चेक नाही. ही खैरात नाही, व्यवहार आहे. आपल्यालाही चांगला, निवडलेला कांदा वर्षातले काही महिने पुरेल. फक्त तो हवेशीर जागी पसरून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, बटाट्यासोबत नको, आणि जिन्यात तर मुळीच नको. यादीची वही मी ठेवतो. वही ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही.

आपल्या भागातून या दिवसांत पालख्या पंढरपूरला जातात. सावता महाराजांनी मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल पाहिला, असे आपण कीर्तनात ऐकतो. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण कांदा पिकवणारा आपल्याला दिसला तरी पुष्कळ झाले.

आता महिला मंडळाने कढई तापवली आहे. पिठाचा थेंब टाकून पाहिला का, एवढेच विचारतो. मधुमेहवाल्यांनी आणि बीपीवाल्यांनी, माझ्यासकट, चार भज्यांवर थांबावे. बाकीच्यांना मर्यादा नाही. सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना शुभेच्छा देतो आणि माझे दोन शब्द संपवतो.