दस्तरखानावरचा टोफू



एरवी मला इथं कविता वाचायला बोलावतात. आज मी एक पाककृती सांगणार आहे. घरी हे कळलं तेव्हा आमची सौ. म्हणाली, ‘रेडिओवर जाऊन खुशाल सांगा, पण आधी ओटा पुसून जा.’ तेव्हा ओटा पुसून आलो आहे.

पदार्थ आहे भट्टीत भाजलेला कुरकुरीत टोफू. आमच्या मराठवाड्यात टोफू म्हटलं की लोक विचारतात, हे काय असतं? टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. गंमत अशी, की सोयाबीनशी माझं नातं आयुष्यभराचं आहे. बी.ए. झालो, नोकरी लागली नाही, म्हणून लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब लिहायला बसलो. कविता वहीच्या मागच्या पानावर आणि कट्ट्यांचा हिशेब पुढच्या. माझ्या लहानपणी आमच्याकडं ज्वारी, करडई आणि तूर यांचं राज्य होतं. मग बघता बघता शिवारं सोयाबीननं भरून गेली. आज देशात सोयाबीन पिकवण्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन राज्यं पुढं आहेत आणि लातूरच्या बाजारातल्या भावाकडं दूरदूरचे शेतकरी कान लावून असतात.

पण हे सोयाबीन आम्ही खातो का? नाही. सौदा होतो, माप होतं, माल कारखान्यात जातो. तेल बाजारात येतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. सोयाबीनमध्ये शंभराला पस्तीस-चाळीस भाग प्रथिनं आणि वीसच्या आसपास तेल. पिकवणाऱ्याच्या घरात मात्र ते दाणे फक्त पेरणीपुरते थांबतात. मीही पंचवीस वर्षं ते मुठीत घेऊन पाहिले, दाताखाली फोडून ओलावा सांगितला, पण ताटात कधी घेतले नाहीत.

ते ताटात आले माझ्या धाकट्या मुलीमुळं.

ती पुण्याला नोकरी करते. चार वर्षांपूर्वी तिनं सांगितलं, की ती व्हीगन झाली आहे. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. हा शब्द काही फार जुना नाही. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४४ साली तो रूढ केला. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून तो बनला. मला वाटलं, पुण्याचं वारं आहे, उतरेल. उतरलं नाही.

२०२३ ची रमजान ईद. माझी अम्मी जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले होते. तिच्याशिवाय आमच्या घरातली ती पहिली ईद. सौ.नं अम्मीच्याच पातेल्यात, अम्मीच्याच पद्धतीनं शीरखुर्मा केला. दूध आटवून, खारका आदल्या रात्री भिजवून. घरात पाहुणे बसलेले. मी स्वतः वाटी भरून लेकीपुढं धरली. ती हळूच म्हणाली, ‘नक्को अब्बा, दूध है उसमें.’

मटण नको म्हणाली असती तर मी गिळलं असतं. पण ती अम्मीची वाटी होती. माझ्या तोंडून सगळ्यांसमोर निघून गेलं, ‘तो फिर ईद भी नक्को कर.’

ती काही बोलली नाही. आत जाऊन भांडी घासत बसली. रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेली. २०२४ च्या ईदला तिचा फोन आला, ‘अब्बा, छुट्टी नहीं मिली.’ ईदची सुट्टी साऱ्या देशाला असते. मी ‘ठीक है’ म्हणालो आणि फोन ठेवला.

त्याच वर्षी एका तालुक्याच्या गावी माझ्या कवितांचा कार्यक्रम होता. ओळख करून देणारे गृहस्थ भले होते. ते म्हणाले, ‘मुस्लिम असूनही यांची मराठी किती शुद्ध आहे पहा.’ टाळ्या पडल्या. हे ‘असूनही’ मी तीस वर्षं ऐकतो आहे. त्यात वाईट हेतू नसतो. पण दर वेळी आपण आपल्याच घरात पाहुणे ठरतो. आमच्या घरात दखनी बोलतात, गल्लीत मराठी बोलतात, कविता मला मराठीत सुचते. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, असं मला वाटतं. तरी दर ठिकाणी समजावून सांगावं लागतं.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसलो होतो आणि एकदम मुलगी आठवली. प्रत्येक लग्नात, प्रत्येक दावतीत तिला लोक विचारायचे, ‘मग तू खातेस तरी काय?’ ती हसून उत्तर द्यायची. दर वेळी तेच उत्तर, तेच हसू. आणि आम्ही तिच्या ताटात काय वाढायचो? कांदा, काकडी, कोरडी पोळी आणि वर उपकार म्हणून थोडं वरण. तेही तुपाची फोडणी नसलेलं शोधून. माझ्या दस्तरखानावर माझ्याच मुलीसाठी मुख्य पदार्थ नव्हता. मुख्य पदार्थ नसलेलं ताट म्हणजे दुसऱ्या शब्दांत ‘असूनही’च.

मी घरी आलो आणि आडतीवरून किलोभर सोयाबीन आणलं.

आता कृती सांगतो. टोफू शहरात विकत मिळतो, पण तो न मिळणाऱ्या गावातही घरी करता येतो. पाव किलो सोयाबीन रात्रभर, आठ-दहा तास भिजवा. सकाळी चोळून सालं काढा. पाणी घालून मिक्सरवर बारीक वाटा. सगळं मिळून दीड-दोन लिटर पाणी लागतं. मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. हे दूध कच्चं पिऊ नका. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, ते उकळल्यानं जातात. म्हणून मंद आंचेवर ढवळत दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळा. ते उतू फार जातं आणि बुडाला लागतं, तेव्हा पातेलं मोठं घ्या आणि फोनवर बोलत उभे राहू नका. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटांनी दोन लिंबांचा रस थोड्या पाण्यात मिसळून हळूहळू घाला. दूध फाटून पिवळसर पाणी सुटलं, की फडक्यात गाळा, पुरचुंडी बांधा आणि वर वजन ठेवा. चीनमध्ये हे काम शतकानुशतकं जिप्समनं करत आले आणि जपानात समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणाऱ्या खाऱ्या द्रवानं. टोफू मूळचा चीनचा. हान काळातल्या लिऊ आन नावाच्या राजपुत्रानं तो शोधला, अशी तिकडची दंतकथा आहे. उरलेला चोथा टाकू नका. ज्वारीच्या पिठात कांदा-कोथिंबीर घालून त्याचं थालीपीठ उत्तम होतं.

टोफू तर झाला. कुरकुरीत मात्र होईना. पहिल्यांदा नुसते तुकडे करून ओव्हनमध्ये ठेवले, तर रबरी चपलेचा तुकडा चावावा तसं झालं. दुसऱ्यांदा तो मसाल्याच्या पाण्यात भिजवून कॉर्नफ्लोअर लावलं, तर त्याची खळ झाली. तिसऱ्यांदा भाजला चांगला, पण वाढण्याआधी तासभर रश्श्यात घालून ठेवला. तो रश्श्यात विरघळला नाही एवढंच. सौ. रोज विचारायची, ‘आज किसकी बारी?’ म्हणजे आज कुत्र्याची की शेजाऱ्यांची.

मग एक दिवस यार्डात शेतकरी आणि खरेदीदार यांची नेहमीची हुज्जत चालली होती. यंत्र ओलावा जास्त दाखवत होतं आणि खरेदीदाराला बारा टक्क्यांच्या वर माल नको होता. मी वहीवर मान घालून बसलो होतो आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पंचवीस वर्षं मी ओलाव्याचाच हिशेब लिहितोय! टोफूतही सगळा खेळ ओलाव्याचा आहे. तुकड्याच्या वरच्या थरात पाणी आहे तोवर भट्टी कितीही तापवा, तो थर शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. नुसता वाफाळतो. पाणी गेलं, की मगच तो तांबूस होतो आणि खरपूस वास सुटतो.

म्हणून आता मी असं करतो. चारशे ग्रॅम घट्ट टोफू कोरड्या सुती कापडात गुंडाळतो आणि वर अम्मीचा वरवंटा आडवा ठेवतो. अर्धा-पाऊण तास. कापड ओलं झालं तर बदलतो. मग सुरीनं न कापता हातानं घासाएवढे तुकडे मोडतो. मोडलेल्या कडा खडबडीत असतात, त्याच जास्त कुरकुरीत होतात. एक मोठा चमचा तेल, एक मोठा चमचा सोया सॉस, तिखट आणि मिरपूड हलक्या हातानं चोळतो. सॉस खारट असतो, म्हणून मीठ जपून. मग दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरून तुकडे घोळवतो. पीठ तेलामुळं चिकटलं पाहिजे, पाण्यामुळं नाही. ओव्हन आधी दोनशे अंशांवर तापवून ठेवायचा. तुकडे एकमेकांना न लागता मांडायचे, नाहीतर ते एकमेकांच्या वाफेत शिजतात. पंधरा मिनिटांनी उलटायचे, पुन्हा बारा-पंधरा मिनिटं. उलथन्यानं ठोकल्यावर टकटक वाजलं, की झालं.

पण नुसते तुकडे म्हणजे चहाबरोबरचा खाऊ. मला मुख्य पदार्थ हवा होता. मी बराच विचार केला आणि उत्तर अम्मीच्याच चुलीत सापडलं. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिकडचे बघारे बैंगन आमच्या घराघरात होतात. त्याचा रस्सा कशाचा? भाजलेले शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, भाजलेला कांदा, आलं-लसूण आणि चिंच. फोडणी तेलाची. दुधाचा थेंब नाही, तुपाचा ठिपका नाही. म्हणजे माझी अम्मी हा शब्द न ऐकताच आठवड्यातून एकदा व्हीगन रांधत होती! मी त्या पातेल्याजवळ वाढलो आणि मला ते मुलीकडून कळावं, हे मला फार लागलं. हा रस्सा दाट ठेवायचा, ताटात आधी ओतायचा आणि त्यावर अगदी वाढताना टोफूचे तुकडे ठेवायचे. आधी ठेवले, की सगळी मेहनत ओली.

२०२५ च्या ईदला, ३१ मार्चला, ती आली. मीच फोन केला होता. माफी मागायला शब्द सुचले नाहीत. मी म्हणालो, ‘तेरे लिए कुछ पका रहा हूँ, बिगड़ा तो हँसना मत.’ सकाळी नमाजहून आलो, तुकडे मांडले आणि वीज गेली. ओव्हन थंड. पाऊण तास वाट पाहिली. शेवटी ताटली फडक्याखाली झाकून गल्लीतल्या बेकरीत गेलो. लहानपणी सणाला आम्ही नानकटाईचे ताट याच भट्टीवर भाजायला नेत असू. बेकरीवाल्यानं ताटली उघडून विचारलं, ‘भाई, ये क्या है?’ मी म्हणालो, ‘आपल्याच सोयाबीनचं आहे.’ त्यानं पावांच्या मागून ती आत सरकवली. मी नवा कुर्ता घालून भट्टीशी उभा होतो आणि येणारे-जाणारे ‘ईद मुबारक’ म्हणत ताटलीत डोकावत होते.

घरी आलो. दस्तरखान अंथरला. मध्यभागी बिर्याणी होती आणि तिच्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या ताटात, टोफू. बाजूला छोट्या पातेलीत सौ.नं बदामाच्या दुधाचा शीरखुर्मा केला होता. मुलीनं पहिला तुकडा उचलला आणि चावला. त्याचा आवाज मी ऐकला. ती म्हणाली, ‘दादी का मसाला है ना ये?’ मी मान हलवली. माझ्या भावानं तेवढ्यात दोन तुकडे पळवले, मग त्याच्या पोरांनी. शेवटी तीच ओरडली, ‘अरे, मेरे कू तो रखो!’

श्रोतेहो, मी मटण सोडलेलं नाही आणि तिनं दूध पुन्हा सुरू केलेलं नाही. आमचे वाद चालू आहेत. ती म्हणते, तुम्ही सोयाबीन कोंबडीला घालून मग कोंबडी खाता, सरळ सोयाबीनच का खात नाही? यावर मला अजून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. मी तिला एवढंच बजावतो, की ब-१२ जीवनसत्त्वाची गोळी चुकवू नकोस, कारण ते अशा आहारातून मिळत नाही. ती म्हणते, घेते अब्बा. आता निघताना ती माझ्याकडून शेंगदाणे-तिळाचं वाटण डब्यात भरून नेते.

तुमच्याही घरी कुणीतरी असेल, जे तुमच्या ताटातलं खात नाही. उपासाचं असेल, पथ्याचं असेल किंवा मनाचं. त्याला ‘मग खातोस तरी काय’ असं विचारण्याआधी एक पदार्थ करून बघा. बिघडला तर पुन्हा करा. माझा तीनदा बिघडला होता. आणि हो, टोफू नीट दाबून घ्या. ओलावा फार नको.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)