पक्ष, साध्य, सिद्धता



बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, लहानमोठ्या यंत्रशाळांच्या शेजारी, ‘इस्रो’चे ‘इस्ट्रॅक’ हे नियंत्रण केंद्र आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे ‘विक्रम’ चंद्रपृष्ठावर उतरत असताना तेथील संपर्क तुटला. इस्रोने पुढे कारणे सांगितली. इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक पडला, चूक साचत गेली आणि ती सावरण्यासाठी यानाला फार वेगाने वळावे लागले; तेवढ्या वेगाची मुभा मात्र आज्ञावलीत नव्हती. संगणकाने घालून दिलेली मर्यादा इमानाने पाळली.

उत्तर बरोबर आले, मग सिद्धता कशाला, असे विचारणारी मुले प्रत्येक पिढीत असतात. शंभर त्रिकोणांचे कोन मोजून प्रमेय सिद्ध होत नाही. आज्ञावलीही शंभरदा चालवून निर्दोष ठरत नाही. म्हणून तिचा जोखमीचा भाग तर्कशास्त्राच्या भाषेत मांडून, तो प्रत्येक शक्य परिस्थितीत सुरक्षित राहील, हे गणिताने सिद्ध करतात. पॅरिसच्या मेट्रोची चालकविरहित १४ क्रमांकाची मार्गिका १९९८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिची सुरक्षेची आज्ञावली अशीच सिद्ध केलेली होती. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रातही अशी पडताळणी करणारी साधने घडली आहेत.

परंतु भूमितीच्या वहीत सिद्धतेच्या आधी ‘पक्ष’ लिहावा लागतो. तोच चुकला तर? ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘आरियान ५’ उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. आडव्या वेगाशी निगडित एक संख्या सोळा बिटांच्या जागेत, म्हणजे ३२,७६७ च्या आत, मावेल असे धरले होते. ‘आरियान ४’ साठी ते खरे होते. नव्या अग्निबाणाने वेग लवकर घेतला आणि संख्या मावेनाशी झाली. राखीव संगणकातही तीच आज्ञावली होती; तोही त्याच कारणाने बंद पडला. नव्या उड्डाणमार्गाची पूर्ण तालीम जमिनीवर झाली असती, तर हे आधीच कळले असते.

हा पक्ष गणितज्ञाला एकट्याने लिहिता येत नाही. इंजिन किती थरथरते, संवेदक कधी फसवतो, हे भट्टीपाशी उभा राहणाराच सांगू शकतो. ‘चंद्रयान-३’ च्या वेळी काय काय बिघडू शकेल, याची यादी आधी झाली. उतरण्याची जागा ५०० मीटर चौरसावरून ४ बाय २.४ किलोमीटर केली गेली. संवेदक हेलिकॉप्टरवरून तपासले गेले, इंजिनांची चाचणी उंच क्रेनला बांधून झाली.

२३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी सहा वाजून गेल्यावर, पीण्यातील त्याच केंद्रात, ‘विक्रम’ चंद्रावर उतरल्याचा संदेश आला.