छापलेला भाग आणि तो पुरा करणारे हात



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो पगार, बोनस आणि टाळेबंदी यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही आज एका पदार्थावर बोलणार आहोत. पगारावर येऊच, पण वाट त्या पदार्थातून जाते. तो पदार्थ म्हणजे राळ, म्हणजेच आजच्या कारखानदारीतले रेझिन.

आम्ही अभियंते नव्हेत. कामगारांच्या शेजारी बसून जे पाहिले आणि रात्री वाचून जे समजले, तेवढेच आपल्यापुढे ठेवीत आहोत.

राळ आपल्याला नवी नाही. सोनार पत्र्यावर नक्षी ठोकताना त्याखाली राळेची बैठक देतो. ती ऊब दिली की मऊ होते, निवली की घट्ट होते, आणि हवी तितक्या वेळा पुन्हा मऊ करता येते. १९०७ साली लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनज्ञाने अमेरिकेत निराळ्या जातीची राळ तयार केली. तेच बेकलाइट. आपल्या जुन्या घरांतली विजेची काळी, गोल बटणे त्याचीच असत. बेकलाइट एकदा तापून घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. ज्वारीची भाकरी भाजल्यावर तिचे पुन्हा पीठ होत नाही, तसलाच हा प्रकार.

आजची छपाईची राळ याच कुळातली. मात्र ती उष्णतेऐवजी प्रकाशाने घट्ट होऊ लागते. जपानमध्ये हिदेओ कोदामा यांनी १९८१ साली या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८६ साली ते त्यांना मिळाले. पद्धत ऐकायला सोपी आहे. पातळ राळेच्या पात्रात जांभळ्या प्रकाशाने एक आकृती उमटवायची. प्रकाश पडेल तेवढाच थर घट्ट होतो. एकेक थर मिलिमीटरच्या दहाव्या किंवा विसाव्या हिश्शाएवढा. असे शेकडो थर एकावर एक चढले की वस्तू उभी राहते.

परंतु साध्या राळेची वस्तू पन्नास-साठ अंशांच्या आसपास भाराखाली वाकू लागते. आपल्या नांदेडला मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत एवढी उष्णता सहज होते. म्हणून त्या राळेत काचेची बारीक पूड मिसळतात. अशा राळेचा नीट पुरा केलेला भाग दोनशे अंशांच्या आसपासही आकार सोडीत नाही, आणि त्याचा ताठरपणा साध्या राळेच्या तिप्पट-चौपट असतो. पोलादाशी तुलना केली तर तो विसाव्या हिश्शाएवढा भरेल. पण प्लॅस्टिकच्या मानाने ती मोठीच मजल आहे. या राळेचा साचा छापून त्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबले, तर काही डझन, कधी काही शे नग निघतात. पोलादी साच्याचा खर्च न झेपणाऱ्या लहान कारखानदाराला याचे मोल किती, हे सांगायला नको. वाण्याला दिलेले मोलही सांगतो: हा भाग ताठ आहे पण ठिसूळ आहे. वाकण्याआधी तो तुटतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वर सांगितलेला ताठरपणा आणि उष्णता सोसण्याची शक्ती यंत्रातून बाहेर पडलेल्या भागात नसते. तो भाग अर्धकच्चा असतो, चिकट असतो. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर शेकली नाही तर ती फुगत नाही. तसे या भागाचे पुढचे संस्कार राहिले तर तो नुसता आकार उरतो.

ते संस्कार कोणते? छपाईपूर्वी राळ ढवळावी लागते, कारण काचेची पूड तळाशी बसते. छापून झाल्यावर भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलात धुवायचा, तोही दोन पाण्यांत धुणे धुवावे तसा: पहिल्यात चिकटा जातो, दुसऱ्यात उरलासुरला. कमी धुतला तर अंगावर राळ राहते, फार वेळ बुडवला तर तोच भाग मऊ पडतो. मग तो पुरता सुकवायचा. मग आधाराच्या काड्या कापायच्या. त्या वेळी कपचा उडतात. मग ऊबदार पेटीत प्रकाशाखाली तासभर, आणि उष्णता सोसायची असेल तर त्यानंतर भट्टीत सव्वाशे अंशांच्या आसपास. भट्टी एकदम तापवली तर भागाला तडा जातो. शेवटी पाणी लावून पॉलिशपेपर मारायचा, दोनशेवीसपासून चढत आठशे नंबरापर्यंत. यातली प्रत्येक पायरी हाताची आणि नजरेची आहे. मापात चूक झाली की यंत्राची सारी कमाई वाया.

नांदेडची उस्मानशाही मिल निजामी राजवटीत उभी राहिली आणि तिचा भोंगा केव्हाच थांबला. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यातून २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. मोठ्या कारखान्यांचे हे जाणे-येणे चालूच राहील. राळेची छपाई मात्र शिरते ती लहान जागेत: दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत, डाळमिलचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात, तिघाचौघांच्या गाळ्यात. अशा एका गाळ्यात आम्ही गेलो होतो. संगणकापुढे बसणारा ‘ऑपरेटर’ आणि धुणारी-घासणारी दोन मुले ‘हेल्पर’. पगारात दुपटीचे अंतर. मुलांच्या हातांत मोजे नव्हते. एकाच्या बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठून कातडे फाटले होते. त्याला घरी गजकर्ण म्हणून मलम दिले होते.

ते गजकर्ण नव्हते. कच्च्या राळेतली ॲक्रिलेट जातीची द्रव्ये कातडीत मुरतात आणि काही जणांचे शरीर त्यांच्याविरुद्ध उठते. एकदा असे झाले की ते बहुधा जन्मभर राहते. पुढे थेंबभर राळही पुरते. दंतप्रयोगशाळांतल्या कारागिरांना हा विकार पूर्वीपासून जडत आला आहे. ज्या कारागिराला तो जडला, त्याचा धंदाच सुटतो. इतकी वर्षे शिकलेले कसब हातात असून हात चालवता येत नाही, याहून मोठे नुकसान कामगाराचे कोणते?

आणि यावरचे उपाय मोठे खर्चाचे नाहीत. नायट्रिलचे मोजे वापरावेत, ओले झाले की बदलावेत; लॅटेक्सचे मोजे येथे पुरत नाहीत. हात अल्कोहोलाने धुवू नयेत, त्याने राळ अधिकच आत जाते. साबण आणि पाणी घ्यावे. कोरडे घासू नये, कारण धुळीत काच असते. डोळ्यांवर चष्मा असावा. अल्कोहोलाची वाफ बारा अंशांपासूनच पेट घेऊ शकते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा वारा खेळता हवा आणि ठिणगी दूर हवी. उरलेली राळ मोरीत ओतू नये; गोदावरी आणि मांजरा आपल्याच आहेत. उन्हात ठेवून ती घट्ट होऊ द्यावी, मग टाकावी. ऊन तरी मराठवाड्यात फुकट आहे.

कायद्याचे म्हणाल, तर रसायनांमुळे होणारा त्वचारोग १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत होता, आणि २०२० साली मंजूर होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सुरक्षिततेच्या संहितेच्या अनुसूचीतही तो आहे. पण त्या संहितेप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणवून घ्यायला वीस कामगार लागतात. तिघांच्या गाळ्याकडे निरीक्षक फिरकणार कशाला? रोग अनुसूचीत आणि रोगी अनुसूचीबाहेर, असा हा न्याय आहे.

म्हणून आमचे मागणे दोनच आहे. नांदेडची अभियांत्रिकी संस्था, लातूरचे तंत्रनिकेतन आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या आयटीआय यांनी धुणे, शेकणे, घासणे हे कसब म्हणून शिकवावे आणि त्याचा दाखला द्यावा, म्हणजे ‘हेल्पर’ या शब्दाआड कुशल कामाची मजुरी बुडवता येणार नाही. दुसरे, जो मालक राळेचा डबा विकत घेतो, त्याने त्याच पावतीवर मोज्यांचा डबाही घ्यावा. मालक मंडळी येथे बसली आहेत. त्यांना आम्ही विरोधक म्हणून हे सांगत नाही. ज्या भागाच्या टिकाऊपणाची हमी ते गिऱ्हाइकाला देतात, तो टिकाऊपणा त्या मुलांच्या बोटांतून येतो. ती बोटे टिकली तर हमी टिकेल.