जाहिरात, मोबाईल आणि अजाण वय

जाहिरात महाराष्ट्राला नवी नाही. विविध भारतीवर १९६७ साली आणि दूरदर्शनवर १९७६ साली व्यापारी जाहिरातींना प्रारंभ झाला. त्या दोन कार्यक्रमांच्या मध्ये येत, सारे घर त्या एकत्र ऐके आणि 'ही जाहिरात आहे' हे शेंबड्या पोरालाही समजे. मोबाईलवरील जाहिरातीने नेमकी हीच ओळख पुसून टाकली आहे. ती कधी खेळातील बक्षीस होऊन येते, तर कधी आवडत्या तरुणाच्या गप्पांतून. पाहणारा एकटा असतो आणि शेजारी विचारायला कोणी नसते.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी मोबाईल मुलांच्या हाती आला; शाळा उघडल्या तरी तो हातातून सुटला नाही. बहुधा तो वडिलांचा असतो. त्यावरील खाते प्रौढाचे, बँकेशी जोडलेले. खेळणारा मात्र सातवीतला. जन्मतारीख विचारली तर मूल हवे ते साल दाबते. एस. टी.च्या सवलतीच्या पासासाठी शाळेचा दाखला लागतो, येथे तेवढेही लागत नाही!

विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या आवडीनिवडींवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी या तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. हे योग्यच झाले. तथापि, खात्यावर वडिलांचे वय असेल तर मुलांसाठीचे संरक्षण त्या मुलापर्यंत पोहोचणार कसे?

याहून गंभीर प्रश्न भीतीचा आहे. खेळातील अनोळखी 'मित्र' छायाचित्र मागतो, मग धमकावतो. खात्यातून पैसे जातात. मार बसेल या धास्तीने मूल गप्प राहते आणि त्या मौनावरच फसविणाऱ्याचा धंदा चालतो. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम बँकेत रोखली जाण्याची शक्यता अधिक. त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या भिंतीवर आणि पंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावयास खर्च तो किती? पालकसभेत मात्र शिक्षकांनी एक गोष्ट आधी पटवून द्यावी लागेल : मूल सांगावयास आले, तर प्रथम त्याचे ऐकून घ्यावे, मोबाईल काढून घेण्याचा विचार नंतर करावा.