दोघींची मैत्री आणि लोकांची नजर
(वसई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



सार्वजनिक जीवनातील दोन पुरुषांची मैत्री ही आपल्याकडे आदराने सांगण्याची गोष्ट आहे. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र काढलेले १०१ दिवस मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असतात. पुढे त्या दोघांत विकोपाचे मतभेद झाले, पण त्या भांडणालाही आपण वैचारिक संघर्षाची प्रतिष्ठा दिली. दोन कर्तबगार स्त्रियांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्यांचे भांडण झाले तर ते ‘बायकांचे भांडण’ ठरते आणि त्यांची मैत्री असली तर ती खरी नसावी असे गृहीत धरले जाते. बाईच बाईची वैरीण, हे वाक्य आपल्या समाजात एखाद्या शास्त्रीय सिद्धांताच्या थाटात उच्चारले जाते. त्याला पुरावा कोणी मागत नाही.

या समजुतीच्या विरुद्ध जाणारा पुरावा आपल्या अगदी जवळ आहे. मृणालताई गोरे यांचे निधन १७ जुलै २०१२ रोजी याच वसईत झाले. ‘पाणीवाली बाई’ म्हणून त्यांचे स्मरण आजही होते आणि ते योग्यच आहे. परंतु आपण त्यांचे स्मरण एकट्याच लढलेल्या रणरागिणीचे करतो. १९७२ सालची महागाईविरोधी चळवळ मृणालताईंनी एकट्याने उभारलेली नव्हती. दुष्काळाने धान्य, खाद्यतेल, साखर, रॉकेल या साऱ्यांची टंचाई झाली, भाव गगनाला भिडले आणि त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी पक्षाच्या मृणालताई आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या झेंड्यांखालच्या स्त्रिया तीत एकत्र आल्या. लाटणे हे त्यांचे शस्त्र झाले आणि थाळी हा त्यांचा नगारा झाला. चाळींतील ज्या गृहिणींनी पूर्वी कधी सभेचे तोंड पाहिले नव्हते, त्या हातात लाटणे घेऊन मंत्रालयाच्या दिशेने निघाल्या.

हे एकत्र येणे किती अवघड होते, हे आजच्या तरुण कार्यकर्त्याला समजावून सांगावे लागेल. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात १९४२ पासून कटुता होती. चलेजावच्या लढ्यात एका पक्षाची माणसे भूमिगत होती आणि दुसऱ्या पक्षाने त्या महायुद्धाला लोकयुद्ध म्हटले होते. ती जखम संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील सहकार्यानेही पुरती भरली नव्हती. अशा दोन छावण्यांतील मृणालताई आणि अहिल्याताई यांची नावे मुंबईकर जोडीने घेऊ लागले. दोघींनी मुंबई महानगरपालिकेत काम केले, दोघींना आणीबाणीत तुरुंगवास घडला आणि १९७७ साली दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. या साऱ्या काळात कोणीही आपला पक्ष सोडला नाही आणि दुसरीने सोडावा अशी अपेक्षाही ठेवली नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. ही मैत्री कसली, ही तर आघाडीतील सोय, असे काहीजण म्हणतात. परंतु सोयीच्या आघाड्यांचे आयुष्य निवडणुकीपुरते असते, हे पक्षकार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. जागावाटपाचा करार कागदावर होऊ शकतो. पोलिसांच्या लाठीसमोर शेजारी कोण उभे आहे याची खात्री मात्र कागदावर मिळत नाही, ती परस्परांवरील विश्वासातूनच येते. हा विश्वास वर्षानुवर्षे टिकतो तेव्हा त्याला मैत्री याहून दुसरा शब्द नाही. पुरुषांच्या बाबतीत आपण तो शब्द सहज वापरतो. स्त्रियांच्या बाबतीत मात्र आपल्याला ‘सोय’ आठवते.

अविश्वासाची ही परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. तरुण रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या. त्यावरून घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती टोचून बोलावे, याचे वर्णन त्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे. शिकलेल्या बाईची संगत म्हणजे घर बिघडवणारी संगत, असा तो हिशेब होता. सावित्रीबाई फुले आणि फातिमा शेख यांच्या वाट्याला याहून वाईट गोष्ट आली, ती म्हणजे विस्मृती. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेले पत्र त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेले आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमेवर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकूर करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. एका सहकारी शिक्षिकेविषयीची ही काळजी आणि हा भरवसा म्हणजे मैत्रीची उत्तम व्याख्याच होय. तरीही दीडशे वर्षे आपण एकीचे पुतळे उभारण्याचा विचार केला आणि दुसरीचे नाव विसरलो. जानेवारी २०२५ मध्ये तर फातिमा शेख ही व्यक्ती केवळ कल्पनेतून निर्माण केली गेली, असा दावा जाहीरपणे करण्यात आला. जात आणि धर्म ओलांडून झालेली दोन स्त्रियांची मैत्री काहींना इतकी अडचणीची वाटते की ती खोटी ठरवणे त्यांना सोपे जाते.

सिनेमाच्या जगात ही नजर वेगळे रूप घेते. मास्टर विनायकांच्या कन्या नंदा आणि वहिदा रेहमान या १९६० सालच्या ‘काला बाजार’ या चित्रपटात एकत्र होत्या. त्यांचा स्नेह नंदा यांच्या २०१४ मधील मृत्यूपर्यंत टिकला. एकाच काळातील दोन नायिका म्हणजे एकमेकींच्या पायात पाय घालणाऱ्या बाया, या ठरावीक कथेत हा स्नेह बसत नव्हता, म्हणून तो बातमीचा विषय झाला नाही. स्पर्धेच्या अफवेला गिऱ्हाईक असते, स्नेहाला नसते. हा बाजाराचा नियम आहे आणि स्त्रियांविषयीचे आपले मत बऱ्याच अंशी हा बाजारच घडवतो.

स्पर्धेची कथा चालली नाही तर दुसरी कथा तयार असते, ती संशयाची. अमेरिकेतील ऑप्रा विन्फ्री आणि गेल किंग या मैत्रिणींना २००६ साली आपल्या नात्याविषयी जाहीर खुलासा करावा लागला. स्त्रियांमधील अशा नात्याला आपल्या संस्कृतीत व्याख्याच नाही, म्हणून लोकांचा गैरसमज होतो, असे विन्फ्री यांचे म्हणणे होते. येथे समाजवाद्याने सावधपणे बोलले पाहिजे. दोन स्त्रियांचे परस्परांवर प्रेम असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला आहे. तेव्हा तो संशय अपमानास्पद मानण्याचे कारण नाही. आक्षेप निराळा आहे. मैत्री ही स्वतःच एक पुरेशी गोष्ट आहे, तिच्यामागे दुसरे काही असलेच पाहिजे असे नाही, एवढी साधी गोष्ट स्त्रियांच्या बाबतीत कोणी मान्य करीत नाही.

व्याख्या नाही ही तक्रार अमेरिकेत खरी असेल, मराठीत ती खरी नाही. सई, गडणी, शेजी हे शब्द आपल्या ओव्यांत जागोजाग आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सिद्ध केला, त्यात मैत्रिणीचे स्थान केवढे आहे हे दिसते. याचे कारण भौतिक आहे. जाते दोघींनी मिळून ओढायचे असते. पहाटेच्या त्या श्रमात दोघींना एकमेकींचा वेळ मिळत होता. पुढे पिठाची गिरणी आली, श्रम वाचले आणि ते इष्टच झाले; पण दोघींनी समोरासमोर बसण्याची ती जागाही गेली.

मैत्रीला जागा लागते आणि वेळ लागतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकामात स्त्रीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. जिच्या दिवसातील पाच तास असे जातात, तिने मैत्री कोणत्या वेळी करावी? याचे उत्तर वसई-विरारच्या स्त्रियांनी आपल्यापुरते शोधले आहे. चर्चगेटहून बोरिवलीपर्यंत ५ मे १९९२ रोजी सुरू झालेली महिला विशेष गाडी पुढच्याच वर्षी विरारपर्यंत आली. त्या गाडीत आणि रोजच्या लोकलच्या महिला डब्यात भाजी निवडली जाते, भिशी चालते, हळदीकुंकू होते, मुलीच्या लग्नाची चिंता आणि साहेबाच्या जाचाची तक्रार सांगितली जाते. वसईची ख्रिस्ती शिक्षिका, नालासोपाऱ्याची मुसलमान परिचारिका, विरारची वाडवळ कारकून या तिघी एका बाकावर वर्षानुवर्षे बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्या डब्यात फक्त जागेवरून होणारी भांडणे ऐकू येतात. तीच त्याची बातमी असते.

स्थानिक स्वराज्य संस्थांत महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या. सभागृहात आलेल्या या स्त्रियांना एकमेकींविरुद्ध उभे करणे हा जुन्या पुढाऱ्यांचा सोपा डाव आहे, आणि बाईच बाईची वैरीण ही म्हण त्या डावाची सबब पुरवते. दोन नगरसेविका पाण्याच्या प्रश्नावर पक्ष ओलांडून एकत्र येतील, तर टँकरच्या धंद्याला धक्का बसेल. त्या आपसांत भांडत राहिल्या, तर तो धंदा निर्वेध चालेल. लोकांच्या नजरेचा प्रश्न म्हणूनच निव्वळ शिष्टाचाराचा नाही. त्यात कोणाचे तरी हितसंबंध गुंतलेले आहेत.

कार्यकर्त्यांना येथून दोन कामे घेऊन जाता येतील. पहिले, मृणालताईंची जयंती-पुण्यतिथी साजरी करताना अहिल्याताई, प्रमिलाताई आणि तारा रेड्डी यांची नावे त्याच व्यासपीठावरून घ्यावीत, कोणी दुसऱ्या पक्षाची होती म्हणून तिचे नाव गाळू नये. दुसरे, आपल्या शाखेच्या बैठका स्त्रियांना येता येतील अशा वेळी आणि अशा ठिकाणी घ्याव्यात. आणि बैठक संपल्यावर दोघी-तिघी बोलत रेंगाळल्या तर ‘बायकांच्या गप्पा’ म्हणून हसू नये. १९७२ ची समिती उभी राहिली तीही एकमेकींवर विश्वास टाकणाऱ्या स्त्रियांच्या बळावर.