शून्य टक्क्याची मुदत विचारा

आज आपण बोलणार आहोत एका कर्जाने दुसरं कर्ज फेडण्याबद्दल. आमच्या गटाच्या बैठकीत हा प्रश्न दोन-तीनदा आला. पोरगा शहरात कंपनीत लागलेला असतो, त्याला बँकेने क्रेडिट कार्ड दिलेलं असतं. तो म्हणतो, "आई, याला व्याज नाही. यातून पैसे काढू आणि सावकाराचं एकदाचं मिटवू." पोराला आईची काळजी आहे, ही चांगलीच गोष्ट. पण आधी हिशोब करायचा.

आमच्यातल्या एका ताईचंच उदाहरण घेऊ. तिला विचारूनच सांगतोय. पोरीच्या दवाखान्यासाठी तिने 20,000 रुपये उचलले होते, महिन्याला शेकडा 5 ने. म्हणजे दर महिन्याला 1,000 रुपये नुसतं व्याज. 14 महिन्यांत 14,000 गेले आणि मुद्दल 20,000 जसंच्या तसं. सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर सावकाराकडे, म्हणून रात्रीची झोप नाही.

आता कार्डाचं बघू. बिनव्याजी असतं ते कार्डावर केलेल्या खरेदीला, आणि तेही फार तर 45 ते 50 दिवस. बिल निघाल्यावर लगेच खरेदी केली तर एवढे दिवस मिळतात. बिल निघायच्या आदल्या दिवशी केली तर जेमतेम 18-20 दिवस हातात राहतात. आणि एटीएममधून रोख काढली तर एक दिवसही बिनव्याजी नाही. पैसे हातात आले, त्या दिवसापासून व्याज सुरू.

ते किती? कार्डाकार्डाचा दर वेगळा असतो, पण महिन्याला शेकडा साडेतीन धरून चाला. 20,000 वर 700 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 126 रुपये. झाले 826. शिवाय रोख काढण्याचा आकार शेकडा अडीच धरला तर 500 आणि त्यावरचा कर 90, असे 590 पहिल्याच दिवशी गेले. सावकाराचे 1,000 आणि कार्डाचे 826. एवढ्या फरकासाठी पोराच्या डोक्यावर कर्ज ठेवायचं का?

काही दुकानदार कार्ड घासून रोख देतात आणि शेकडा दोन-तीन रुपये कापून घेतात. बँकेच्या नियमात ते बसत नाही, कार्ड बंद होऊ शकतं. आणि तसं केलं तरी दीड महिन्यात 20,000 एकरकमी भरायचे कुठून, हा प्रश्न उरतोच.

इथे आणखी एक जागा सांभाळायची आहे. बिलावर 'किमान देय रक्कम' लिहिलेली असते, साधारण शेकडा 5. म्हणजे 20,000 ला 1,000 च्या आसपास. माणसाला वाटतं, तेवढी भरली की झालं. पण त्यातले आठशेच्या वर व्याजात आणि करात जातात, मुद्दल हलतच नाही. वर बाकी ठेवली की नव्या खरेदीलाही व्याज लागतं. हप्ता चुकला तर पोराचं सिबिल बिघडतं आणि उद्या त्याला घरासाठी कर्ज मागायचं झालं तर अडचण.

शून्य टक्के हा शब्द आपल्याला नवा नाही. सोसायटीचं पीककर्ज वेळेत भरलं की व्याजाची सवलत मिळते. तारीख चुकली की सवलत गेली. म्हणून तर मार्चअखेरीला नवं-जुनं करायला घराघरांत धावपळ होते, चार दिवसांसाठी महागाचे पैसे उचलले जातात. कार्डाचंही तसंच. शून्य हे तारखेला बांधलेलं असतं. कुणी शून्य टक्के म्हटलं की आपण विचारायचं, "कुठल्या तारखेपर्यंत? आणि त्यानंतर किती?"

मग महागाचं कर्ज बदलायचंच नाही का? बदलायचं, जरूर बदलायचं. त्या ताईला गटातून 20,000 दिले, महिन्याला शेकडा 2 ने. दर महिन्याला 2,000 मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्यात व्याज 400, दुसऱ्या महिन्यात 360, असं उतरत शेवटच्या महिन्यात 40. दहा महिन्यांत एकूण व्याज 2,200 आणि कर्ज संपलं. सावकाराकडे दहा महिन्यांत 10,000 गेले असते आणि 20,000 उभेच राहिले असते.

तुम्ही म्हणाल, पहिला हप्ता 2,400 चा, तो आणायचा कुठून? 1,000 तर ती भरतच होती. पोराला आम्ही म्हटलं, "बाळा, कार्ड राहू दे. महिन्याला 1,500 पाठव." त्याने ते मनापासून कबूल केलं. परवाच्या बैठकीत सातवा हप्ता जमा झाला.

तुम्हीही कर्ज बदलणार असाल तर तीन गोष्टी बघा.

पहिली, नवं कर्ज खरंच स्वस्त आहे का? व्याज, आकार, कर, सगळं मिळून महिन्याला किती रुपये जाणार ते वहीत मांडा. टक्क्यांपेक्षा रुपये लवकर कळतात.

दुसरी, हप्त्याचे पैसे कुठून येणार? दुधाचे, मजुरीचे की पोराचे? त्या पैशांचं नाव सांगता आलं पाहिजे.

तिसरी, जुनं कर्ज पुरतं मिटलं का? पैसे सावकाराच्या हातात देताना गटातल्या दोघीजणी सोबत न्या. स्टॅम्प पेपर, कोरा चेक परत घ्या, पैसे पोचल्याचं लिहून घ्या. मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर बेबाकीचा दाखला मागा. ते मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा 2022 पासून तसा नियम आहे. आणि सावकार परवान्याशिवाय धंदा करत असेल तर तो महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. एकटीने जायची भीती वाटत असेल तर गटाने मिळून जा.

एक शेवटचं. जुनं मिटलं की लगेच तिथून पुन्हा उचलू नका. नाहीतर एकाच्या जागी दोन कर्जं होतात.

येत्या बैठकीत बचतीचा विषय झाला की दहा मिनिटं काढा. कुणावर किती महागाचं कर्ज आहे ते विचारा. लाजेपायी कुणी बोलत नसेल तर बैठकीनंतर घरी जाऊन विचारा. ती बाई दर महिन्याला एकटीच व्याज भरत असते, आणि आपल्या पेटीत पैसे पडून असतात. ते आधी तिच्या उपयोगी पडू द्या.